मुलांना घरं दाखवताना आधी छप्पर दाखवा

शाळेत परिसर अभ्यासात घरांचे प्रकार असा एक विषय असतोच आणि त्याचा चार्टही ठरलेला असतो, झोपडी, कौलारू घर, बंगला, इमारत, तंबू, हाऊसबोट आणि शेवटी इग्लू. खाली कच्चं घर आणि पक्कं घर असे दोन रकाने. मुलं चित्रं कापतात, चिकटवतात, इग्लूला कापूस लावतात, प्रोजेक्ट झालं. कापूस लावायला मजा येते हे मान्य, पण एवढं सगळं करून आर्किटेक्चर म्हणजे काय हे मुलाला काडीचंही कळत नाही, कारण हे घर असंच का, असा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. आणि ते कच्चं-पक्कं तर सरळ दिशाभूल करणारं आहे, त्यावर पुढे बोलतेच.

मी आर्किटेक्ट आहे आणि सुट्टीत सोसायटीतली पोरं गोळा करून हा उद्योग करत असते, साधारण दुसरी ते सहावीतली मुलं. शैली, काळ, घराण्यांची नावं वगैरे त्यांना अजिबात सांगायची नाही असं माझं ठाम मत आहे. आधी छप्पर बघायचं आणि एकच विचारायचं, इथे पाऊस पडला तर पाणी कुठे जाईल? एवढ्या एका प्रश्नावर तासभर सहज जातो.

पाऊस मिलीमीटरमध्ये सांगितला तर मुलांना काही बोध होत नाही, मोठ्यांनाही होत नाही खरं तर. म्हणून असं सांगायचं, की वर्षभराचा पाऊस कुठेही वाहून न जाता जागच्या जागी साचला तर पाणी कुठपर्यंत येईल? कोकणात साधारण ३००० मिलीमीटर पडतो, म्हणजे ३ मीटर, दाराची चौकट बुडून वर. माण-खटावसारख्या दुष्काळी पट्ट्यात ५०० च्या आसपास, म्हणजे मोठ्या माणसाच्या गुडघ्यापर्यंत. आणि लेहला जेमतेम १००, म्हणजे घोट्यापर्यंत. मग मुलांना सांगा आता या तिन्ही ठिकाणच्या घरांना छप्पर काढा. कोकणाचं छप्पर सगळे बरोबर काढतात, उतरतं. माणचं काढताना जरा अडखळतात. आणि लेहला हमखास सगळे उतरतं काढतात, कारण थंडी, बर्फ, डोंगर म्हटलं की उतरतं छप्पर हे डोक्यात फिट बसलेलं असतं. प्रत्यक्षात लडाखची जुनी घरं सपाट छपराची आहेत, लाकडावर काटक्या, त्यावर माती, आणि वर जनावरांचा चारा वाळत टाकलेला. घोट्याएवढ्या पाण्यासाठी उतार कशाला करायचा? म्हणजे छपराचा आकार थंडीवर नाही तर वरून किती पडतं त्यावर ठरतो, हे मुलांचं मुलांनाच सापडतं आणि ते सापडताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. (२०१० च्या ऑगस्टमध्ये लेहला ढगफुटी झाली तेव्हा मातीच्या घरांचं खूप नुकसान झालं, कारण ती घरं तेवढ्या पाण्यासाठी बांधलेलीच नव्हती. मोठी मुलं असतील तर हेही सांगा.)

आता कोकणातलं घर जरा नीट बघू, कारण त्यात शिकण्यासारखं भरपूर आहे. मधे सर्वात उंच आढं, तिथून दोन्हीकडे उतरणारे वासे, वाशांवर आडव्या रिपा आणि रिपांवर कौलं. पूर्वी नळे असायचे, कुंभार चाकावर मातीची नळी काढायचा आणि तिचे उभे दोन भाग करायचे. मग १८६५ मध्ये बासल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेच्या लोकांनी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती एकमेकांत अडकणारी चपटी मंगलोरी कौलं किनाऱ्याने सगळीकडे पसरली, जी आपण आज "पारंपरिक" म्हणून फोटोत टाकतो. म्हणजे ही परंपराही एकेकाळी कारखान्यातूनच आली, मला हे सांगायला फार आवडतं.

पण खरी गंमत छपराच्या खालच्या टोकाला आहे. छप्पर भिंतीपाशी थांबत नाही, पुढे पडवीवर उतरतं आणि इतकं खाली येतं की उंच माणसाला वाकून आत जावं लागतं. मुलांना विचारा, एवढं खाली का? उत्तर झड. कोकणातला पाऊस सरळ पडत नाही, वारा असला की आडवा मारतो, आणि छप्पर उंचच संपलं तर सगळी भिंत भिजणार. म्हणून छप्पर खाली ओढायचं, भिंत मागे घ्यायची, घर जोत्यावर उचलायचं म्हणजे पागोळ्यांचं पाणी अंगणात पडून बाहेरच्या बाहेर जातं, आणि तरीही भीती वाटली तर पावसाळ्यापुरते झावळ्यांचे झाप बांधायचे. आणि एवढं करून मधे जी जागा तयार झाली, ना धड आत ना धड बाहेर, तिथे लोक बसायला लागले, धान्य सोलायला लागले, आल्यागेल्याशी बोलायला लागले. पाऊस अडवायला केलेल्या जागेत घराचा अर्धा संसार चालतो.

हे सगळं बोलून सांगण्यापेक्षा करून बघा. बुटांचा खोका घ्या, पुठ्ठ्याचं छप्पर करा, एकदा भिंतीच्या कडेलाच कापलेलं आणि एकदा चांगलं चार बोटं पुढे आलेलं, आणि झाडांना पाणी मारायच्या स्प्रेने तिरकं पाणी मारा. खोक्याच्या भिंतीवर टिश्यू पेपर चिकटवला तर ओल कुठपर्यंत चढली ते स्पष्ट दिसतं. बाथरूममध्ये करा फक्त, हॉलमध्ये नको.

भिंत कशाची आहे हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा पायाखालीच असतं. कोकणात जांभा आहे म्हणून जांभ्याचे चिरे. हा दगड खाणीतून काढताना बऱ्यापैकी मऊ असतो, हत्याराने कापता येतो, आणि हवा लागली की हळूहळू कडक होत जातो, म्हणजे बांधणाऱ्याची सोयच. घाट चढून वर आलं की काळा बेसॉल्ट, तो फोडायला अवघड पण हवा तेवढा. गोव्यात तर खिडकीत काचेऐवजी शिंपले बसवलेले दिसतात, चपटे, अर्धपारदर्शक, लाकडी पट्ट्यांत ओवलेले, त्यातून येणारा उजेड इतका मऊ असतो की मला स्वतःला आजच्या कुठल्याही टिंटेड काचेपेक्षा तो आवडतो. काच बाहेरून महागात आणावी लागायची आणि शिंपले समोरच्या पाण्यात होते, साधा हिशेब. मुलांना हे लगेच पटतं. त्यांना उलट विचारायचं की आपल्या इमारतीतलं काय काय आपल्या गावातलं आहे? टाइल्स, अ‍ॅल्युमिनियम, ग्रॅनाइट, काच, यादी करत गेलं की बहुतेक सगळंच ट्रकमधून आलेलं निघतं.

आता डहाणू-जव्हारकडचं वारली लोकांचं कुडाचं घर घ्या. लाकडी खांब रोवायचे, खांबांच्या मधे कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि त्यावर माती-शेण लिंपायचं, ज्यावर ती तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रं काढतात. चार्टमध्ये हे कच्च्या रकान्यात. पण जरा नीट बघा, इथे छपराचं वजन कोण पेलतंय? खांब. भिंत फक्त आडोसा करते, काढून टाकली तरी छप्पर पडणार नाही. आणि आपली पंधरा मजली इमारत? तिथेही वजन कॉलम आणि बीम पेलतात, मधल्या विटांच्या भिंती आडोशालाच असतात. याउलट जांभ्याचं किंवा दगडी घर, तिथे बहुतेक वेळा भिंतच वजन घेते, म्हणून ती जाड असते आणि खिडक्या लहान असतात, कारण प्रत्येक खिडकी म्हणजे वजन घेणाऱ्या भिंतीला पाडलेलं भोक. म्हणजे डोक्यावरचं वजन जमिनीपर्यंत कसं पोचतं या हिशेबाने बघितलं तर कुडाची झोपडी आणि टॉवर एका रांगेत येतात आणि दगडी घर वेगळ्या. हे कळलं ना, की मुलं घरी येऊन हॉलमधला कॉलम शोधतात, बीम कुठून कुठे गेलाय ते बोटाने दाखवतात, आणि बाबा रिनोव्हेशनमध्ये कॉलमला किंवा बीमला हात लावायचं म्हणत असतील तर त्यांना दटावतात. दटावू द्या, बरोबरच आहे.

देशावर, मराठवाड्यात, सोलापूरकडे माळवदाची घरं. जाड दगड-मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि सगळ्यात वर मातीचा जाड थर, सपाट. गुडघ्याएवढा पाऊस आणि भयंकर ऊन, अशा ठिकाणी हे उत्तर एकदम चपखल. जाड माती आणि दगड तापायला फार वेळ घेतात, त्यामुळे दुपारचं ऊन भिंत ओलांडून आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते आणि तेव्हा लोक वर माळवदावर झोपायला गेलेले असतात. वाड्यात याच्या जोडीला चौक. मधोमध उघडं आकाश, चारी बाजूंनी ओसरी, उजेड आतल्या आत मिळतो, रात्री गरम हवा वर निघून जाते आणि सकाळी बराच वेळ चौक गार राहतो. बाहेरच्या भिंतीला फारशा खिडक्या नाहीत, कारण रस्त्यावरची धूळ, ऊन आणि नको ती माणसं, सगळंच बाहेर ठेवायचंय. पुण्यात असाल तर विश्रामबाग वाडा बघा, दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधलेला, त्याच्या दर्शनी लाकडी कामासमोर सगळे सेल्फी काढतात पण मुलांना चौकात उभं करून वर बघायला सांगा.

आणि मग किल्लारी. हे मुलांना सांगावं का असं काही पालक विचारतात, मी सांगते. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते, तेव्हा लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली. भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यमच होता, मग एवढी माणसं का गेली? कारण तीच घरं. भिंती दोन-दोन फूट किंवा त्याहूनही जाड, पण बऱ्याच ठिकाणी आत एक थर, बाहेर एक थर आणि मधे दगडगोटे-माती भरलेली, दोन्ही थरांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड कमी किंवा नाहीतच, सिमेंट-चुना नाही, मातीत रचलेलं. आणि वर ते मातीचं माळवद, जे गळू नये म्हणून वर्षानुवर्षं नवी माती टाकत टाकत अजूनच जड झालेलं. जमीन आडवी हलली, भिंतीचे दोन थर फाकले आणि सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. उन्हाला चोख उत्तर देणारं घर भूकंपाला एकदम चुकीचं उत्तर निघालं, कारण तिथे भूकंपाचा प्रश्न कुणी गृहीतच धरला नव्हता. आर्किटेक्चरबद्दल याहून महत्त्वाचं मी मुलांना काही सांगू शकेन असं मला वाटत नाही.

याला जोडूनच कच्छ सांगायचं. २६ जानेवारी २००१, भूजचा भूकंप, किल्लारीपेक्षा कितीतरी मोठा. त्यात काँक्रीटच्या इमारतीही कोसळल्या, अगदी अहमदाबादेतसुद्धा. पण कच्छच्या बन्नी भागातले भुंगे, म्हणजे मातीच्या गोल खोल्या आणि वर गवताचं शंकूसारखं छप्पर (नाव ऐकून पोरं पाच मिनिटं हसतात, हसू द्या), ते बरेचसे उभे राहिले. का? एक तर छप्पर हलकं. दुसरं म्हणजे गोल भिंत. इथे एक साधा कागद घ्या, टेबलावर उभा ठेवा, पडतो. तोच कागद थोडा वळवून उभा केला की राहतो. आकार बदलला, कागद तोच. सपाट भिंतीला बाजूने धक्का बसला की ती बाहेर कलते, आणि चौकोनी खोलीत कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींपासून सुटायला बघतात, गोल भिंतीला कोपराच नाही.

आता सांगा, कच्च्या रकान्यात कोण आणि पक्क्या रकान्यात कोण? दगडी घर पडलं, मातीचं राहिलं. अर्थात मातीचं सगळंच चांगलं असा उलटा निष्कर्षही काढू नका, भुंगा कोकणात नेऊन ठेवला तर पहिल्याच पावसाळ्यात भिंत विरघळेल. आसाममध्ये मिसिंग लोकांची चांग घरं बांबूच्या खांबांवर उचललेली असतात कारण ब्रह्मपुत्रेला दरवर्षी पूर येतो, ती उचलून माणला आणली तर नुसती विचित्र दिसतील. मला एवढंच म्हणायचंय की हे दोन रकाने खोडून तिथे "कुठे" आणि "का" असे दोन रकाने करा, आणि इग्लूच्या पुढे लिहा की हे बहुतेक वेळा शिकारीच्या दिवसांतलं तात्पुरतं घर होतं, सगळे इनुइट लोक बारा महिने बर्फाच्या घरात राहत नव्हते. चार्टवाल्यांनी आपल्याला वर्षानुवर्षं फसवलंय.

ऊन-पाऊस-दगड झाले, आता माणसं. यासाठी चाळ बेस्ट. मुंबईत वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बीडीडीच्या चाळी १९२० च्या दशकात सरकारी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या, एकूण २०७ इमारती, आणि एक खोली १६० चौरस फुटांची. ही खोली मुलांना पार्किंगमध्ये खडूने आखायला लावा, १० बाय १६ फूट. मग त्यात स्वयंपाकाची जागा आखा, मोरी आखा, कपाट आखा, आणि उरलेल्या जागेत सहा जणांना झोपवा. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतंच, "ताई, याचे पाय लागतायत, मी बाहेर झोपतो." बस, तिथे गॅलरी सापडली. गॅलरी, जिना, चाळीतलं मैदान हे सगळं खोलीचाच भाग म्हणून वापरलं गेलं, नाहीतर तिथे राहणं अशक्य होतं. मात्र चाळ म्हणजे किती गोड, सगळे एकत्र, असं रंगवून सांगू नका, सकाळी कॉमन संडासासमोरची रांगही सांगा. आता त्या चाळींचा पुनर्विकास चालू आहे आणि लोकांना मोठी घरं हवीच आहेत, त्यात चूक काय.

हाच धागा पुढे नेणारी दोन उदाहरणं मुंबईत आणि नवी मुंबईत आहेत, दोन्ही आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची. कंबाला हिलवरचं कांचनजुंगा, १९८३ मध्ये पूर्ण झालेलं, बाहेरून बघितलं की कोपऱ्याकोपऱ्यात दोन मजली उंच मोकळे भाग कापून काढलेले दिसतात. मुंबईत समुद्राचं वारं पश्चिमेकडून येतं पण दुपारचं ऊन आणि पावसाळ्यातला पाऊसही तिकडूनच येतो, मग खिडकी उघडायची की बंद करायची? जुन्या बंगल्यांनी चारी बाजूंनी व्हरांडा करून हे सोडवलं होतं, कोरियांनी तोच व्हरांडा उचलून टॉवरमध्ये नेला. आपली पडवी, पण आकाशात. आणि बेलापूरला त्यांनी ऐंशीच्या दशकात छोटी छोटी घरं केली, सात-सात घरं एका लहानशा चौकाभोवती, प्रत्येकाला थोडी मोकळी जागा ठेवलेली, कुटुंब वाढलं की घर वाढवता यावं म्हणून. आज तिथे गेलात तर बरीच घरं ओळखू येणार नाहीत इतकी लोकांनी वाढवली, पाडली, मजले चढवले. काही आर्किटेक्ट हळहळतात, मला विशेष वाईट वाटत नाही, वाढवायलाच तर दिली होती.

आता चित्र काढायचं. मुलांना घर काढ म्हटलं की समोरून काढतात, त्रिकोण, चौकोन, दोन खिडक्या, मागे डोंगर. त्याऐवजी केक कापल्यासारखं घर कापायला सांगा. आडवा काप घेऊन वरून बघितलं की जे दिसतं तो प्लॅन, भिंती कुठे, दारं कुठे, पलंग कुठे. उभा काप घेतला की सेक्शन, त्यात कुठला मजला किती उंच, छप्पर कसं उतरतं, पडवीत डोकं आपटेल का, हे दिसतं. प्लॅन मुलांना लगेच जमतो, पावलं मोजून काढू द्या, टेप लागत नाही. सेक्शन जरा जड जातो पण माझ्या मते तोच खरा, कारण पाणी, ऊन आणि वारा सगळे सेक्शनमध्येच कळतात. त्यात एक छोटा माणूस काढायचाच, नाहीतर दार केवढं आणि भिंत केवढी याचा काही अंदाज येत नाही.

शेवटी स्वतःचा फ्लॅट. सकाळी ऊन कुठल्या खोलीत येतं, दुपारी कुठली भिंत हाताला गरम लागते, क्रॉस व्हेंटिलेशनसाठी कुठल्या दोन खिडक्या उघडाव्या लागतात, ड्राय बाल्कनी पावसात ड्राय राहते का (राहत नाही), खिडकीवर छज्जा आहे का आणि नसेल तर खालच्या भिंतीवर ओल दिसते का. बिल्डरचं ब्रोशर समोर ठेवून मुलाला तपासू द्या, फार निर्दय परीक्षक असतात.

आणि फिरायला जायचं असेल तर नुसते किल्ले आणि बीच करू नका. गोव्यात पर्वरीजवळ तोर्डा इथे हाऊसेस ऑफ गोवा हे जेरार्ड द कुन्हा या आर्किटेक्टने केलेलं म्युझियम आहे, इमारतच जहाजासारखी आहे त्यामुळे मुलं आपणहून आत पळतात. चेन्नईजवळ दक्षिणचित्र आहे, दक्षिणेतली जुनी घरं सोडवून तिथे पुन्हा उभी केलीत. आणि नागपूर-विदर्भवाल्यांना सगळ्यात सोयीचं म्हणजे भोपाळचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय, श्यामला हिल्सवर मोकळ्या आवारात देशभरातल्या आदिवासी समाजांची घरं खऱ्या आकारात बांधलेली आहेत, आत वाकून जाता येतं. आवार मोठं आहे, चालणं भरपूर होतं, त्यामुळे थंडीतच जा, पाण्याची बाटली घ्या आणि मुलांच्या हातात मोबाईलऐवजी वही-पेन्सिल द्या.